पाच कळसांचे देऊळ

ओकलंडच्या टेकडीवर एक पांढरीशुभ्र इमारत आहे. तिला पाच सोनेरी कळस आहेत, आणि रात्री तिच्यावर इतका प्रकाश सोडलेला असतो की सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना ती खाडीच्या पाण्यापलीकडूनही ओळखता येते. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा गाडीत बसल्या बसल्या विचारतो, ‘ते कुठले देऊळ?’ माझ्या सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी तिकडे पाहून हात जोडले होते. देऊळ हा शब्द तसा चुकीचाही नाही. १९६४ साली उघडलेल्या या वास्तूला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक स्वतः टेम्पल असेच म्हणतात. रविवारची प्रार्थना तेथे होत नाही, ती गावोगावच्या साध्या, बसक्या प्रार्थनाघरांत होते. टेम्पलमध्ये जायला आपल्या प्रार्थनामंडळाच्या प्रमुखाचे शिफारसपत्र लागते, आणि तेथे जे विधी होतात त्यांतला सर्वांत मोलाचा विधी लग्नाचा असतो. ते लग्न मरेपर्यंतचे नसते, मृत्यूनंतरही अनंत काळ टिकणारे असते अशी त्यांची श्रद्धा आहे. वडाला फेऱ्या मारून सात जन्मांची बोली करणाऱ्या आमच्या आज्यांनाही हा हिशेब जरा मोठाच वाटला असता.

हे सारे मला आमच्या शेजाऱ्यांकडून कळले. आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या संध्याकाळी शेजारच्या बाई काठाला निळी रेघ असलेल्या पांढऱ्या डिशमध्ये घरी भाजलेला गोड पाव घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी चहा टाकते म्हटल्यावर त्या ओशाळून म्हणाल्या की आम्ही चहा-कॉफी घेत नाही. मला क्षणभर वाईट वाटले, मग मी कोकम सरबत केले आणि ते मात्र त्यांना फारच आवडले. ‘आमचा वॉर्ड’ असा उल्लेख त्यांच्या बोलण्यात वारंवार येई, आणि तो नगरपालिकेचा नसून त्यांच्या प्रार्थनामंडळाचा आहे हे समजायला मला दोन महिने लागले. त्यांचे यजमान दंतवैद्य होते, आणि त्या मंडळाचे विनावेतन कामही करीत. डिश रिकामी परत करायची नसते, हे आईने लावलेले वळण असल्यामुळे त्या डिशच्या आमच्या दोन घरांत खेपा सुरू झाल्या. ती कधी नारळाच्या वड्या घेऊन जाई, कधी कुकीज घेऊन येई.

२००८ सालची दिवाळी २८ ऑक्टोबरला होती. चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू त्या डिशमध्ये मांडून मी नेहमीप्रमाणे शेजारी गेले, तेव्हा त्यांच्या हिरवळीवर निळ्या-पिवळ्या रंगाचा एक फलक रोवलेला दिसला. ‘आठव्या प्रस्तावाला होय म्हणा’ असे त्यावर लिहिले होते. बाईंनी हसून डिश घेतली, लाडू कशाचे आहेत ते विचारले, आणि त्या फलकाविषयी आम्हा दोघींपैकी कोणीही चकार शब्द काढला नाही.

तो प्रस्ताव काय होता हे आता इतक्या वर्षांनी थोडक्यात सांगायला हवे. कॅलिफोर्नियात विवाह केवळ स्त्री-पुरुषांचाच मानावा असा कायदा मतदारांनी २००० साली ६१ टक्के मतांनी केला होता. १५ मे २००८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो घटनाबाह्य ठरवला, आणि जूनच्या मध्यापासून समलिंगी जोडप्यांची लग्ने लागू लागली. निवडणुकीपर्यंतच्या साडेचार महिन्यांत सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्न केले. दरम्यान विरोधकांनी आधीच सह्या गोळा करून घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला होता. या राज्याची घटना मतदारांच्या साध्या बहुमताने बदलता येते, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला आजही विचित्र वाटते. इंग्रजीत अवघ्या चौदा शब्दांची ती दुरुस्ती होती आणि तिचा आशय इतकाच होता की कॅलिफोर्नियात एक पुरुष व एक स्त्री यांचाच विवाह वैध किंवा मान्य राहील.

माझ्या कचेरीतल्या एका मैत्रिणीने त्या जूनमध्ये तिच्या जोडीदारणीशी लग्न केले. दोघी चौदा वर्षे एकत्र राहत होत्या. नोंदणी कार्यालयात मी साक्षीला गेले होते आणि जाताना पर्समध्ये कुंकवात भिजवलेल्या अक्षता नेल्या होत्या. तेथल्या कारकुनाने तांदूळ आत टाकू नका म्हणून बजावले, त्यामुळे त्या आम्ही बाहेर पायरीवर टाकल्या. ४ नोव्हेंबरच्या रात्री बराक ओबामा निवडून आल्याचे जाहीर झाले तेव्हा आमच्या गल्लीत लोक भांडी वाजवत बाहेर आले होते. माझी मैत्रीणही आली, मात्र तिच्या हातात फोन होता आणि ती दुसरेच आकडे पाहत होती. ७० लाख मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, ६४ लाख विरुद्ध. ५२ टक्क्यांनी तिचे लग्न टांगणीला लागले. मला मत नव्हते, कारण तेव्हा माझ्याकडे नुसते ग्रीन कार्ड होते. या गोष्टीचा त्या रात्री मला जितका विषाद वाटला तितकाच, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखेही वाटले. आपण कोणाच्याही पराभवात सामील नाही असे समजायला मत नसणे फार सोयीचे असते.

पुढच्या दोन दिवसांत राग रस्त्यावर आला आणि तो थेट मॉर्मन देवळांच्या दारांशी गेला. ६ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसच्या टेम्पलसमोर हजाराहून अधिक लोक जमले, दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेक सिटीत त्या पंथाच्या मुख्यालयाभोवती काही हजारांनी फेरी काढली, आणि ९ तारखेच्या रविवारी ओकलंडच्या पाच कळसांखाली निदर्शने झाली. मैत्रिणीबरोबर मी तेथे गेले. चर्चकडून कर वसूल करा अशा अर्थाचे फलक होते, लग्नाचे फोटो छातीशी धरून उभी राहिलेली म्हातारी जोडपी होती, आणि ढोल वाजवणारी तरुण मुलेही होती. मला त्या गर्दीत काहीही गैर वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्या वास्तूत अनंतकाळची लग्ने लागतात तिच्याच दाराशी, ज्यांची लग्ने साडेचार महिन्यांत टांगणीला लागली ती माणसे येऊन उभी राहिली होती. याहून नेमकी जागा त्यांना सापडली नसती.

पण त्या आठवड्यांत जे घडले ते सारे इतके नेमके नव्हते. अनेक प्रार्थनाघरांच्या भिंतींवर रंग फासला गेला, काचा फुटल्या. १३ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटी येथील टेम्पलमध्ये पांढरी भुकटी भरलेले लिफाफे आले, आणि तसाच एक लिफाफा कनेक्टिकटमध्ये ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक संस्थेच्या छापखान्यात पोहोचला. २००१ साली पत्रांतून अँथ्रॅक्स आल्याने माणसे मेली होती, त्यामुळे भुकटी निरुपद्रवी ठरेपर्यंत ते तास कसे गेले असतील याची कल्पना करता येते. निवडणुकीच्या तोंडावर दूरचित्रवाणीवर एक जाहिरातही झळकली होती. तीत दोन मॉर्मन प्रचारक एका स्त्री-जोडप्याच्या घरात शिरतात, त्यांच्या बोटांतल्या अंगठ्या काढून घेतात आणि विवाहाचा दाखला फाडतात. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत ती जाहिरात सर्वांना फार विनोदी वाटली, मीही हसले. एखाद्या पंथाच्या पांढऱ्या सदऱ्यातल्या पोरांना दरोडेखोर म्हणून दाखवणे किती सहज पचते, हे त्या वेळी ध्यानात आले नाही. विरुद्ध बाजूच्या जाहिरातीत शाळेतून आलेली मुलगी आईला सांगे की राजपुत्र राजपुत्राशी लग्न करू शकतो. ती भीती दाखवणारी जाहिरात मात्र मला तत्काळ खोडसाळ वाटली होती.

राग मॉर्मनांवरच का निघाला, याला कारणे होती आणि ती पोकळ नव्हती. जूनच्या अखेरीस त्यांच्या सर्वोच्च नेत्यांचे पत्र राज्यभरच्या प्रार्थनाघरांत वाचले गेले होते, आणि आपला वेळ व आपले धन देऊन या दुरुस्तीसाठी करता येईल ते सर्व करा असे त्यात सांगितले होते. राज्याच्या लोकसंख्येत जेमतेम दोन टक्के असलेल्या या लोकांनी प्रस्तावाच्या बाजूच्या सुमारे चार कोटी डॉलरपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम उभी केल्याचा अंदाज खुद्द मोहिमेच्या सूत्रधारांनीच दिला होता, आणि सुरुवातीच्या काळात दारोदार फिरणारे स्वयंसेवकही बहुतांशी त्यांचेच होते. उत्पन्नाचा दशांश दरवर्षी बिनतक्रार देण्याची आणि सांगितलेले काम वाटून घेऊन तडीस नेण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी एखादी मोहीम हाती घेतली की ती कशी चालते हे मी शेजारी राहून पाहिलेच होते. शेजारच्या दंतवैद्यांच्या गॅरेजमध्ये ऑक्टोबरभर दर शनिवारी पत्रकांचे गठ्ठे बांधले जात होते.

तरीही हिशेब जमत नाही. दोन टक्के लोकांच्या मतांनी सत्तर लाख होत नाहीत. मॉर्मनांना या मोहिमेत ओढण्यासाठी पत्र लिहिले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅथलिक आर्चबिशपांनी, जॉर्ज निडरावर यांनी. ते पूर्वी सॉल्ट लेक सिटीत बिशप असल्याने त्यांची तेथे ओळख होती. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ने दहा लाखांहून अधिक डॉलर दिले होते. कॅथलिक माणसे मात्र या राज्यात जागोजागी आहेत. प्रत्येकाची मावशी, प्रत्येकाचा साहेब, प्रत्येकाच्या घरची मोलकरीण कॅथलिक असते, आणि इतक्या ओळखीच्या माणसांवर एकगठ्ठा रागावता येत नाही. मॉर्मन थोडे होते, त्यांची रीत वेगळी होती, त्यांच्याविषयी विनोद तयार होते आणि त्यांची इमारत टेकडीवर दिव्यांनी उजळलेली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणावे, तर हा संन्याशी काही अगदी निर्दोष नव्हता. पण वाड्यात चोरी करणारे पुष्कळ असताना पकडला गेला तो अंगावर भगवे वस्त्र होते म्हणून, हेही तितकेच खरे.

दुसरा राग याहून वाईट होता आणि तो कुजबुजीत व्यक्त झाला. मतदानोत्तर चाचणीत ७० टक्के कृष्णवर्णीय मतदारांनी प्रस्तावाच्या बाजूने मत दिल्याचा आकडा आला, आणि ओबामांसाठी रांगा लावणाऱ्यांनीच आमचा घात केला असे माझ्या ओळखीचे सुशिक्षित, उदारमतवादी लोक बोलू लागले. नंतरच्या अभ्यासात तो आकडा ५८ टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि फरक वर्णापेक्षा नियमित चर्चला जाण्याने पडतो असे दिसले. सुमारे सहा लाखांचे मताधिक्य त्या मतदारांच्या संख्येवर लादता येण्याजोगेही नव्हते. हा आकडा दुरुस्त झाला तेव्हा मात्र तो चुकीचा पसरवणाऱ्यांपैकी कोणीही त्याविषयी बोलले नाही.

सर्वांत अवघड प्रश्न देणगीदारांचा होता, आणि त्यावर माझे मन अजूनही पुरते स्थिर झालेले नाही. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच केलेल्या कायद्यानुसार १०० डॉलर किंवा अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि मालक जाहीर होतो. धनदांडग्यांनी गुपचूप राज्य विकत घेऊ नये म्हणून केलेला हा चांगला कायदा आहे. २००९च्या जानेवारीत याच यादीवरून एक नकाशा तयार झाला आणि कोणत्या गल्लीतल्या कोणी किती दिले हे कोणालाही पाहता येऊ लागले. त्याआधीच, १२ नोव्हेंबरला, सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया म्युझिकल थिएटरचे कलादिग्दर्शक स्कॉट एकर्न यांनी राजीनामा दिला होता. ते मॉर्मन होते आणि त्यांनी हजार डॉलर दिले होते. संगीत-नाटकांच्या दुनियेतले त्यांचे कित्येक सहकारी समलिंगी होते, आणि स्वतःची बहीणही समलिंगी असल्याचे त्यांनी निवेदनात सांगितले. ज्यांच्या लग्नावर घाला घालायला पैसे दिले त्यांच्याच श्रमांवर आपला रंगमंच चालतो, हे ते विसरले होते, म्हणून नाटककारांनी त्यांना आपली नाटके देणार नाही म्हटले तर तो त्यांचा हक्कच होता. पण त्याच यादीच्या आधारे शंभर डॉलर देणाऱ्या हॉटेलच्या व्यवस्थापिकेसमोर रोज गर्दी करणे आणि तिच्याबरोबर तेथल्या वाढप्यांचीही मिळकत बुडवणे, हे मला तेव्हाही पटले नव्हते. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो खरे, पण ते म्हणणारा बहुधा आगीपासून दूर उभा असतो.

आणि मी ती यादी उघडली. एका रात्री, घरचे झोपल्यावर, मी नकाशावर आमची गल्ली शोधली. दंतवैद्यांचे नाव तेथे नव्हते. त्यांनी काही दिले नसेल, किंवा नव्याण्णव डॉलर दिले असतील, किंवा गॅरेजमधले शनिवार हीच त्यांची देणगी असेल. मला बरे वाटायला हवे होते. पण मला वाटली ती निराशा. माझ्याजवळ असलेल्या रागाला पावती मिळावी अशी माझी इच्छा होती, आणि ती मिळाली नाही. त्याच पंथात उलट वागणारी माणसेही होती. माजी फुटबॉलपटू स्टीव्ह यंग हा त्यांच्या दुसऱ्या धर्मप्रमुखाचा, ब्रिगम यंगचा वंशज. त्याच्या पत्नीने आठव्या प्रस्तावाला उघड विरोध केला होता आणि आपल्या घरासमोर तसे फलक लावले होते. २००० सालच्या मतदानापूर्वी, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर लॉस आल्टोस येथे एका समलिंगी मॉर्मन तरुणाने त्यांच्याच चर्चच्या पायरीवर जीव दिला होता. या प्रश्नाची जखम त्या भिंतींच्या आतही होती, हे मला माहीत असायला हवे होते. मी विचारले असते तर शेजारच्या बाईंनी कदाचित सांगितलेही असते.

त्या हिवाळ्यात मी मॉर्मनांचा इतिहास वाचायला घेतला, काहीसा पुरावा गोळा करण्याच्या हेतूने. १८३८ साली मिसुरीच्या गव्हर्नरने या लोकांचा समूळ नाश करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे असा हुकूम काढला होता, आणि तो रीतसर रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. १८४४ साली त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ तुरुंगात असताना जमावाकडून मारला गेला. बहुपत्नीकत्वाच्या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, त्यात मला एकदम आपलीच माणसे भेटली. ही चाल उत्तर व पश्चिम युरोपीय राष्ट्रांना नेहमीच घृणास्पद वाटत आली असून मॉर्मन चर्च स्थापन होईपर्यंत ती जवळजवळ केवळ आशियाई आणि आफ्रिकी लोकांतच आढळत होती, असे न्यायमूर्ती लिहितात. पतीच्या चितेवर जळून जाणे हे आपले धर्मकर्तव्य आहे असे एखादी पत्नी मानू लागली, तर सरकारने ते रोखू नये काय, असा प्रश्नही ते विचारतात. सती बंद व्हायलाच हवी होती, आणि बहुपत्नीकत्वाचाही मला कळवळा नाही. पण विवाह म्हणजे काय हे बहुसंख्याकांच्या किळसेवरून ठरवण्याची ती रीत पुढे किती टोकाला गेली पाहा. हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले, १८८७च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त झाली आणि मॉर्मनबहुल यूटामधल्या स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकारही हिरावला गेला. १८९० मध्ये त्यांनी नवी बहुपत्नीक लग्ने थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे सहा वर्षांनी यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. विवाहाच्या व्याख्येपायी इतके सोसलेल्या समाजाने शंभर वर्षांनी दुसऱ्यांसाठी तीच व्याख्या घटनेत कोरायला घ्यावी, याचा मला मोठा राग आला. त्याच वेळी हेही समजले की नोव्हेंबरात त्या देवळाबाहेर जमलेल्या गर्दीकडे आतल्या म्हाताऱ्यांनी कोणत्या आठवणींतून पाहिले असेल.

आपला छळ होत आहे असे त्यानंतर पुष्कळ धर्मनेते म्हणू लागले. तो शब्द मी त्यांना देणार नाही. लोकांच्या संसारावर मत मागायचे, त्यासाठी पैसा ओतायचा, जिंकायचे, आणि हरलेला माणूस दाराशी येऊन ओरडला की त्याला छळ म्हणायचे, हे चालणार नाही. भिंतीवरचा रंग आणि लिफाफ्यातली भुकटी हा मात्र गुन्हाच होता, आणि आमच्या बाजूच्या अनेकांनी तो ‘समजण्यासारखा’ म्हणून सोडून दिला. मीही त्यांच्यातच होते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २००९च्या मेमध्ये राज्याच्या न्यायालयाने प्रस्ताव वैध ठरवला, पण आधीची १८ हजार लग्ने कायम ठेवली. मैत्रिणीने त्या दिवशी कचेरीत पेढे वाटले, ते मीच आणून दिले होते. २०१३च्या जूनमध्ये बंदी उठली, २०१५ मध्ये साऱ्या देशातून उठली. मॉर्मन नेत्यांनीही २००९च्या नोव्हेंबरमध्येच सॉल्ट लेक सिटीत समलिंगी व्यक्तींना घर आणि नोकरी नाकारू नये अशा स्थानिक कायद्याला पाठिंबा दिला, आणि २०२२ साली समलिंगी विवाहांना संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्यालाही, धार्मिक संस्थांच्या स्वातंत्र्याची हमी त्यात आहे म्हणून, त्यांनी अनुकूलता दाखवली. आपल्या पंथातल्या लग्नाविषयीची शिकवण त्यांनी तसूभरही बदललेली नाही. दारातल्या निदर्शनांचा यात वाटा किती, हे मला मोजता येत नाही; तो अजिबात नव्हता असे मला वाटत नाही.

२००८च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, शेजारच्या बाई नेहमीप्रमाणे आल्या होत्या. निळ्या काठाच्या डिशमध्ये लाल भोपळ्याचा पाव होता. मी दार अर्धेच उघडले. ‘तुम्ही आमच्यावर रागावला आहात का?’ असे त्यांनी सरळ विचारले, आणि मी ‘नाही, कामात आहे’ म्हणाले. पाव आम्ही खाल्ला. डिश मी धुऊन ओट्यावर ठेवली, मग कपाटात ठेवली. २०११ मध्ये ते कुटुंब आयडाहोला गेले. ट्रक भरला जात असताना मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये आठव्या प्रस्तावाचे ते चौदा शब्द घटनेतून कायमचे काढून टाकण्यासाठी पुन्हा मतदान झाले आणि ६२ टक्क्यांहून अधिक लोकांनी ते काढून टाकले. आता मी नागरिक आहे. टपालाने आलेली मतपत्रिका मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून भरली. आमच्या गल्लीत या वेळी कोणाच्याही हिरवळीवर फलक नव्हता, त्यामुळे कोणी काय मत दिले ते मला सांगता येणार नाही. निळ्या काठाची डिश टेबलावरच होती. तिच्यात हल्ली मी लसूण ठेवते.